ताप 'प्राप्त' होत नाही

ताई,
माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. आता नोकरीत रोज इंग्रजी मेल लिहावे लागतात. मी जिथे तिथे 'गेट' (मिळणे) हे क्रियापद वापरायचो. एका सहकाऱ्याने सांगितलं, हे शाळकरी इंग्रजी आहे, जरा वजनदार शब्द वापर. म्हणून 'गेट'चे चाळीस पर्यायी शब्द वहीत उतरवून पाठ केले. मध्यंतरी आजारी पडलो, तेव्हा साहेबांना असा मेल लिहिला: 'आय अक्वायर्ड युअर मेल. आय ऑब्टेन्ड अ फीव्हर, सो आय अचीव्ह्ड द ऑफिस लेट. आय विल प्रोक्युअर द फिगर्स फ्रॉम अकाउंट्स. आय होप टु गेन अ डिस्कशन विथ यू.' तो मेल कुणीतरी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि सगळे हसले. आता एक ओळ लिहायलाही हात धजत नाही. या एका शब्दाचे एकूण अर्थ तरी किती? ते सगळे पाठ करू का? की हा शब्द वापरणंच सोडून देऊ?
– अडखळलेला

प्रिय अडखळलेले,

तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात आधी त्या वहीचं कौतुक वाटलं. दिवसभराचं काम करून घरी आल्यावर चाळीस शब्द पाठ करणारा माणूस आळशी नसतो आणि मठ्ठ तर नसतोच. जे हसले त्यांनी तुमची मेहनत पाहिली नाही. तुमचं चुकलं ते एवढंच, की यादी तुम्हाला जे देऊ शकत नव्हती ते तुम्ही तिच्याकडून मागितलंत.

ते काय, हे समजण्यासाठी तुमचा मेल मराठीत आणून पाहा. 'मी तुमचा मेल संपादन केला. मला ताप प्राप्त झाला, म्हणून मी उशिरा ऑफिस साध्य केलं.' लगेच खटकलं ना? आता सांगा, 'ताप प्राप्त होत नाही' हा नियम तुम्हाला कुणी शिकवला होता? कुणीच नाही. मिळणे, प्राप्त होणे, लाभणे, संपादन करणे, साध्य करणे हे शब्द समानार्थी म्हणून एका रांगेत मांडता येतात, पण प्रत्येकाचे सोबती वेगळे. ताप येतो, भरतो, चढतो, उतरतो. पत्र मिळतं किंवा हाती पडतं. पदवी संपादन करतात, ध्येय साध्य करतात. दीर्घायुष्य लाभतं, चांगला गुरू लाभतो, पण कर्ज कुणाला लाभत नाही, ते मिळतं किंवा मंजूर होतं. हे सगळं तुम्हाला येतं, कारण हे शब्द तुम्ही सुटे कधी ऐकलेच नाहीत. ते दर वेळी आपापल्या सोबत्यांसह कानावर पडले. इंग्रजीत मात्र तुम्हाला चाळीस शब्द सुटे सुटे भेटले. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून येतं.

तुमचा पहिला प्रश्न, एकूण अर्थ किती? याला एकच आकडा नाही. अर्थ किती बारीक वेगळे करायचे हे कोशकार ठरवतो, त्यामुळे कोश बदलला की आकडाही बदलतो. छोट्या, रोजच्या क्रियापदांवर मात्र सगळ्यात जास्त भार असतो, हे खरं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती आणि त्याच्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. पुढे कोशाच्या सुधारणेचं काम 'रन'पर्यंत पोहोचलं, तेव्हा त्या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. 'गेट'ही याच कुळातलं. एवढं मोठं कुळ पाठ करणारा माणूस इंग्रजांतही सापडणार नाही.

घाबरू नका. तुमच्याकडे 'लागणे' आहे. झोप लागते, ठेच लागते, वेळ लागतो, वेड लागतं, निकाल लागतो, शोध लागतो, नोकरी लागते, दार लागतं, डोळा लागतो, बोलणं मनाला लागतं. 'जावं लागतं' यात सक्ती आहे आणि 'बोलू लागला' यात सुरुवात आहे. मराठी शिकायला आलेला परदेशी माणूस या एका शब्दापाशी महिनोन्‌महिने घुटमळतो. तुम्ही 'लागणे'चे अर्थ मोजले नाहीत, तरी वापरताना अडलात का कधी? अनेक अर्थांचं क्रियापद वागवण्याची सवय तुमच्या जिभेला आहेच. तीच इंग्रजीकडे वळवायची आहे.

आता 'गेट'कडे येऊ. हा शब्द इंग्रजीचा जन्मापासूनचा नाही. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या 'गेटा' या क्रियापदावरून तो इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी आहे पकडणं, हाती घेणं. 'फर्गेट'मध्ये तोच धातू आहे, हातातलं निसटणं म्हणजे विसरणं. आणखी मागे गेलं तर लॅटिनमधलं पकडण्याचं क्रियापद याच मुळाशी जोडलेलं सापडतं आणि त्यावरून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेन्ड' आलं, म्हणजे समजणं. म्हणून 'आय गेट इट' म्हणजे 'मला कळलं' हा अर्थ कुठून उपरा आलेला नाही. आपणही समज चांगली असली की ग्रहणशक्ती चांगली म्हणतो, आणि ग्रहण म्हणजे धरणंच की! डोक्याने धरलं की कळतं, ही कल्पना दोन्हीकडे आहे. मला हे फार आवडतं, म्हणून थोडं रेंगाळले.

धरण्याच्या या मूळ अर्थातून पुढे सगळं फुटतं. वस्तू हातात नव्हती, आली. माणूस एका जागी नव्हता, तिथे पोहोचला. कोरडा होता, ओला झाला. कळत नव्हतं, कळलं. समोरचा ऐकत नव्हता, ऐकू लागला. प्रत्येक ठिकाणी 'नव्हतं ते झालं' हा धागा आहे. 'गेट' दिसलं की आधी विचारा, इथे काय नव्हतं आणि काय झालं? अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो. 'हॅव गॉट' मात्र या धाग्यात बसत नाही. त्याचा अर्थ नुसतं 'जवळ असणं' असा होतो आणि त्याला 'टु' जोडलं की 'करावंच लागणं'. ते वेगळं लक्षात ठेवा.

वस्तू हाती येण्याचा अर्थ तुमच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त आहे, म्हणून इथे थोडं थांबू. 'रिसीव्ह'मध्ये तुम्हाला काही करावं लागत नाही. समोरून येतं आणि तुम्ही घेता: मेल, पार्सल, तक्रार, पुरस्कार. तुमच्या पहिल्या वाक्यात हाच शब्द हवा होता. 'ऑब्टेन'मध्ये खटपट आहे, अर्ज आहे, प्रक्रिया आहे, म्हणून परवानगी, माहिती, प्रयोगाचे निष्कर्ष त्याच्यासोबत येतात. ताप मिळवण्यासाठी कुणी अर्ज करत नाही, म्हणून तो तिथे विचित्र वाटला. 'अक्वायर'ला वेळ लागतो किंवा वस्तू मोठी असावी लागते: कौशल्य, मालमत्ता, एखादी अख्खी कंपनी. 'आय अक्वायर्ड युअर मेल' वाचणाऱ्याला तुम्ही तो मेल विकत घेतल्यासारखं वाटतं. 'प्रोक्युअर' हा खरेदी विभागाचा शब्द आहे, कच्चा माल आणि यंत्रांच्या पुरवठ्याचा. अकाउंट्सच्या टेबलावरून आकडे आणायला तो फार जड होतो. 'सिक्युअर'मध्ये स्पर्धा आहे, इतरांच्या आधी पक्कं करून ठेवणं: जागा, कंत्राट. 'अर्न'मध्ये लायकी आहे, पगार आणि आदर दोन्ही 'अर्न' होतात. 'गेन'मध्ये भर पडते, आत्मविश्वासात, अनुभवात, वजनातही. चर्चेची भर पडत नाही, म्हणून 'गेन अ डिस्कशन' होत नाही.

तापाचं म्हणाल, तर इंग्रजीत तो साधा 'हॅव' होतो. 'आय हॅव अ फीव्हर' म्हटलं की झालं. 'रनिंग अ फीव्हर' असंही म्हणतात. सर्दी 'कॅच' होते. दुखणं अंगावर आलं तर 'केम डाउन विथ' म्हणतात. आणि 'आय गॉट अ फीव्हर' म्हणालात तरी काही बिघडत नाही. यादीने तुमच्याकडून एक बरोबर शब्द काढून घेतला आणि त्या जागी चुकीचा बसवला, याचं मला वाईट वाटलं.

पोहोचण्याच्या अर्थात एक चूक आपल्याकडून हमखास होते. 'गेट'ला 'टु' लागतं, 'अराइव्ह'ला 'ॲट' किंवा 'इन' लागतं, पण 'रीच'ला काहीच लागत नाही. 'ऑफिसला पोहोचलो' यातला 'ला' आपण इंग्रजीत ओढून नेतो आणि 'रीच्ड टु द ऑफिस' लिहून बसतो. ते नुसतं 'रीच्ड द ऑफिस' हवं. आणि घरी पोहोचताना 'गेट'चाही 'टु' गळतो, म्हणजे 'गेट होम'. 'अचीव्ह' इथे का नको, हे तुम्हाला आता सांगावं लागणार नाही.

होण्याचा अर्थ जरा नाजूक आहे. आपलं 'होणे' दोन्हीकडे चालतं: ओला झाला, डॉक्टर झाला. इंग्रजी इथे दोन वाटा करतं. पुढे विशेषण असेल, ओला, थकलेला, चिडलेला, तर 'गेट' बिनधास्त वापरा. पुढे नाम असेल तर 'बिकम'. 'शी बिकेम अ डॉक्टर' म्हणजे ती डॉक्टर झाली. 'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे तिने डॉक्टरांना बोलावून आणलं. एका शब्दाने वाक्यात माणसं दोन झाली! विशेषणांतही 'गेट'चे शेजारी आपापली कामं वाटून घेतात. हळूहळू होणाऱ्या बदलाला 'ग्रो', म्हातारं होणं, अंधारून येणं. रंग किंवा हवा पालटली तर 'टर्न'. आणि बिघडण्याकडे, गमावण्याकडे जाणारं असेल तर बरेचदा 'गो', वेडं होणं, आंधळं होणं, टक्कल पडणं. ही वाटणी तंतोतंत पाळली जात नाही, पण कानाला दिशा मिळायला पुरेशी आहे.

कुणाकडून काम करून घेण्याचा अर्थ ऑफिसात रोज लागतो आणि इथे मराठी तुमच्या मदतीला धावून येते. मागे लागून, समजावून सही करून घेतली तर 'गॉट हिम टु साइन'. मनाविरुद्ध सही करायला लावली तर 'मेड हिम साइन'. कामाचा भाग म्हणून सही करायला सांगितली आणि त्याने केली तर 'हॅड हिम साइन'. करून घेणे, करायला लावणे, करायला सांगणे, हे तीन प्रकार तुम्ही आधीपासून वेगळे ओळखता, फक्त कोण कुणाच्या जोडीला ते पाहा. आणि 'टु' एकट्या 'गेट'लाच लागतं, बाकी दोघांना नाही. याच अर्थाचं दुसरं टोक म्हणजे केस कापणं. आपण सहज 'मी केस कापले' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की कापणारा दुसरा होता. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात येते. दुसऱ्याकडून कापून घेतले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट'. इथे 'गेट'च्या जागी वजनदार शब्द शोधायला जाऊच नका.

अजून एक अर्थ बाकी आहे आणि तो मराठीशी असा जुळतो, की मला दर वेळी आनंद होतो. 'मला बोलायला मिळालं नाही' हे इंग्रजीत कसं सांगाल? 'आय डिडन्ट गेट टु स्पीक.' क्रियापदाला 'ला' लावून 'मिळणे', क्रियापदाआधी 'टु' लावून 'गेट'. संधी मिळण्याचा हा अर्थ दोन्ही भाषांनी वस्तू मिळण्यातूनच काढला आहे. यादीतल्या चाळीसपैकी एकही शब्द त्याच्या जागी नीट बसत नाही.

'गेट अप', 'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अलाँग' ही जोडक्रियापदं इथे सविस्तर घेत नाही. ती स्वतंत्र शब्द समजून एकेक शिकावी लागतात: उठणं, सावरणं, कसंबसं निभावणं, पटणं. रोज एक पुरे.

सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दलही बोलायला हवं. 'गेट' शाळकरी नाही, घरगुती आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर कितीतरी शतकं दरबाराचे, न्यायालयाचे, विद्येचे शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून येत राहिले. 'ऑब्टेन', 'अक्वायर', 'रिसीव्ह', 'प्रोक्युअर' हे सगळे त्याच वाटेने आले. म्हणून इंग्रजीत एक बोलण्याचा थर आहे आणि एक कागदोपत्री थर, जसं आपल्याकडे 'मिळालं' आणि 'प्राप्त झालं'. 'आपला अर्ज प्राप्त झाला' हे सरकारी कागदावर शोभतं, पण मित्राला 'तुझा निरोप प्राप्त झाला' म्हणालात तर तो दचकेल. वजनदार शब्द म्हणजे चांगला शब्द, ही समजूत कृपा करून सोडून द्या. मी कितीतरी हुशार माणसांना तिच्यापायी अवघडून लिहिताना पाहिलं आहे.

तर 'गेट' सोडायचं नाही. ते बदलायचं कधी? माझ्या मते दोनच वेळा. एक, कागद औपचारिक असेल तेव्हा. अहवालात 'तक्रारी आल्या' यासाठी 'रिसीव्ह्ड' लिहा. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची, जेव्हा 'गेट'मुळे अर्थ धूसर होतो. 'आय गॉट द टिकेट्स' म्हणजे तिकिटं विकत घेतली, खिडकीवरून ताब्यात घेतली, की कुणी पाठवली ती मिळाली? पैसे कुणी भरले, हे त्यावर ठरतं. तिथे 'बॉट', 'कलेक्टेड' किंवा 'रिसीव्ह्ड' लिहिलंत तर पुढचे तीन मेल वाचतात. 'डिड यू गेट माय मेसेज?' यातही निरोप पोहोचला का आणि निरोप समजला का, असे दोन्ही अर्थ निघू शकतात. नेमकेपणा हवा असेल तिथे पर्यायी शब्द घ्या. शोभेसाठी घेऊ नका.

वही फेकू नका, फक्त तिची मांडणी बदला. इंग्रजीतला प्रसिद्ध समानार्थी कोश पीटर मार्क रॉजेट यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शब्द कल्पनांनुसार एकत्र केलेले आहेत. मनात कल्पना आहे आणि शब्द आठवत नाही, अशा वेळी त्याचा उपयोग होतो. पण अनेकांतून नेमका शब्द निवडायचा तर तो आधीपासून ओळखीचा हवा. शिकणाऱ्याला तो तितका उपयोगी नाही. १९५७ मध्ये जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने लिहिलं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. तुमच्या वहीत शब्दासमोर अर्थ लिहू नका, सोबती लिहा. 'ऑब्टेन' समोर 'मिळवणे' नको, 'ऑब्टेन परमिशन' लिहा आणि तुमच्या कामातलं एक पूर्ण वाक्य लिहा. कोश घ्यायचा तर परभाषिक विद्यार्थ्यांसाठी केलेला घ्या. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना असा कोश तयार केला होता. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि कोणत्या शब्दापुढे वाक्यात काय येतं, हे सांगणं हाच त्याचा मोठा गुण होता. तसे कोश आज फोनवरही मिळतात. चाळीस शब्दांपैकी सध्या सहा ठेवा: रिसीव्ह, ऑब्टेन, बिकम, रीच, कलेक्ट, अंडरस्टँड. तुमच्या रोजच्या मेलना तेवढे पुरतील. बाकीचे वाचताना भेटतील आणि येताना आपले सोबती घेऊन येतील.

एक अवघड गोष्ट राहिली, ते हसणं. पुढच्या वेळी महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी विश्वासातल्या एका माणसाला दाखवा आणि 'कुठला शब्द खटकतो?' एवढंच विचारा. न हसणारा माणूस प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो. कदाचित तुमच्यासारखाच वही भरणारा.

तुमचा मेल मी असा लिहिला असता: 'आय रिसीव्ह्ड युअर मेल. आय हॅड अ फीव्हर, सो आय रीच्ड द ऑफिस लेट. आय विल कलेक्ट द फिगर्स फ्रॉम अकाउंट्स. आय होप वी गेट टु डिस्कस धिस सून.' शेवटच्या वाक्यात 'गेट' मुद्दाम घातलं आहे. साहेबांशी बोलायला मिळावं, एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं ना?

तुमची,
ताई